गॅरी किल्डॉल

गॅरी आर्लेन किल्डॉल (१९ मे, इ.स. १९४२:सिअ‍ॅटल, वॉशिंग्टन, अमेरिका – ११ जुलै, इ.स. १९९४:मॉन्टेरे, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ, प्राध्यापक आणि उद्योजक होते. सूक्ष्मसंगणकांसाठी त्यांनी लिहिलेली सीपी/एम ही संचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी व्यावसायिक वापराच्या लहान संगणकांवर सर्वाधिक प्रचलित होती. पत्नी डोरोथी मॅकइवेन यांच्यासह त्यांनी डिजिटल रिसर्च ही कंपनी स्थापन केली. संचालन प्रणाली ही यंत्रापासून वेगळी, सामान्य ग्राहकाला परवडेल अशा किमतीत आणि रीतसर परवान्यासह विकता येते, हे या कंपनीने प्रथम मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले. पुढे आयबीएमच्या वैयक्तिक संगणकावर सीपी/एमऐवजी मायक्रोसॉफ्टची प्रणाली रुजली. या स्पर्धेच्या निकालात तांत्रिक गुणांइतकाच किमतीचा आणि परवान्याच्या अटींचाही वाटा होता.

सुरुवातीचे जीवन आणि शिक्षण

किल्डॉल यांचा जन्म सिअ‍ॅटल या बंदराच्या शहरात झाला. त्यांच्या कुटुंबाची नौकानयन शिकवणारी खाजगी शाळा होती. शाळकरी वयात त्यांचा ओढा पुस्तकी अभ्यासापेक्षा यंत्रे उघडून पाहण्याकडे आणि मोटारी दुरुस्त करण्याकडे अधिक होता. डोरोथी मॅकइवेन यांच्याशी त्यांची ओळख शालेय जीवनातच झाली. पुढे दोघांनी विवाह केला. त्यांना दोन अपत्ये झाली.

गणिताचे शिक्षक व्हावे या हेतूने किल्डॉल यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे त्यांचा संगणकाशी संबंध आला आणि हळूहळू त्यांनी तोच विषय मुख्य मानला. व्हिएतनाम युद्धाच्या त्या काळात अमेरिकेत तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागत असे. किल्डॉल यांनी ही सेवा नौदलात केली. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात त्यांची अध्यापक म्हणून नेमणूक झाली. काही काळाने विद्यापीठात परतून त्यांनी १९७२ मध्ये संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि ते पुन्हा मॉन्टेरे येथे शिकवू लागले.

१९७३ मध्ये त्यांनी संकलकांच्या (कंपायलरच्या) क्षेत्रात एक महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. आज्ञावलीतील माहिती एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात कशी वाहत जाते याचे पद्धतशीर विश्लेषण करून आज्ञावली अधिक कार्यक्षम करण्याची रीत त्यांनी या निबंधात मांडली. ही रीत आज किल्डॉल यांच्या नावाने ओळखली जाते आणि संकलकांच्या अभ्यासक्रमांत शिकवली जाते.

सूक्ष्मप्रक्रियक आणि पीएल/एम

इंटेल कंपनीने १९७१ मध्ये ४००४ हा सूक्ष्मप्रक्रियक (मायक्रोप्रोसेसर) बाजारात आणला. मॉन्टेरेपासून इंटेलचे कार्यालय मोटारीच्या अंतरावर होते. किल्डॉल यांनी हा प्रक्रियक मिळवून त्यावर प्रयोग सुरू केले आणि अध्यापनातून मिळणाऱ्या मोकळ्या दिवशी ते इंटेलमध्ये सल्लागार म्हणून काम करू लागले.

त्या काळी अशा प्रक्रियकांसाठीच्या आज्ञावल्या थेट यंत्राच्या भाषेत किंवा तिच्या जवळच्या सांकेतिक भाषेत लिहाव्या लागत. हे काम किचकट होते आणि त्यात चुकांना भरपूर वाव होता. किल्डॉल यांनी यावर उपाय म्हणून पीएल/एम ही उच्चस्तरीय भाषा तयार केली. सूक्ष्मप्रक्रियकांसाठीच्या अशा आरंभीच्या भाषांत तिची गणना होते. इंटेलने ती स्वीकारली आणि पुढे अनेक वर्षे वापरली. इंटेलच्या दृष्टीने हे प्रक्रियक मुख्यतः उपकरणांच्या नियंत्रणासाठी होते. त्यांच्यापासून स्वयंपूर्ण संगणक बनू शकतो, हे किल्डॉल यांनी अन्य बहुतेकांच्या आधी ओळखले.

सीपी/एमची निर्मिती

इंटेलने किल्डॉल यांना त्यांच्या कामासाठी विकास-संगणक दिला होता. त्यावर आज्ञावल्या साठवण्यासाठी कागदी फीत वापरली जाई. ती संथ आणि गैरसोयीची होती. याच सुमारास चुंबकीय फ्लॉपी चकती उपलब्ध झाली. किल्डॉल यांनी शुगार्ट असोसिएट्स कंपनीची आठ इंची फ्लॉपी ड्राइव्ह मिळवली; परंतु ती संगणकाला जोडणारा नियंत्रक (कंट्रोलर) त्यांना स्वतःला बनवता आला नाही. तो त्यांचे मित्र जॉन टोरोड यांनी तयार केला.

चकतीवरील माहिती शोधणे, लिहिणे, वाचणे आणि पुसणे ही कामे सांभाळण्यासाठी किल्डॉल यांनी एक छोटी प्रणाली लिहिली. तीच सीपी/एम होय. १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या मॉन्टेरेजवळच्या लहानशा गावात तिचा पहिला चालता नमुना दाखवण्यात आला. किल्डॉल यांनी ही प्रणाली इंटेलला देऊ केली. इंटेलला पीएल/एम हवी होती, सीपी/एममध्ये मात्र रस नव्हता. त्यामुळे तिचे हक्क किल्डॉल यांच्याकडेच राहिले.

त्यानंतर किल्डॉल दांपत्याने इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च या नावाने व्यवसाय सुरू केला. पुढे नावातील पहिला शब्द गळून कंपनी डिजिटल रिसर्च म्हणून ओळखली जाऊ लागली. तांत्रिक काम गॅरी यांच्याकडे, तर करारमदार आणि दैनंदिन कारभार डोरोथी यांच्याकडे अशी विभागणी होती. कंपनीचे कार्यालय पॅसिफिक ग्रोव्हमधील लाइटहाउस अ‍ॅव्हेन्यूवरील एका जुन्या धाटणीच्या घरात होते.

किंमत आणि प्रसार

तोपर्यंत संचालन प्रणाली ही मोठ्या संगणकाचा एक भाग मानली जात असे. यंत्राचा निर्माताच ती पुरवी आणि तिचा खर्च यंत्राच्या किमतीत किंवा भाड्यात मिसळलेला असे. १९७५ मध्ये आल्टेअर ८८०० हा संच बाजारात आल्यावर हौशी मंडळी घरी संगणक जोडू लागली. अशा ग्राहकाला संचालन प्रणाली कोठून मिळणार, हा प्रश्न उभा राहिला. संचाची किंमत काही शे डॉलर असताना प्रणालीसाठी हजारो डॉलर मोजणे कोणालाही शक्य नव्हते.

हौशी वर्तुळांत आज्ञावल्यांच्या प्रती एकमेकांना फुकट देण्याचा प्रघात होता. फेब्रुवारी १९७६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनी एका जाहीर पत्राद्वारे या प्रघाताला चोरी ठरवले आणि त्यावर मोठा वाद झाला. याच वर्षी डॉक्टर डॉब्स जर्नल या नियतकालिकाचे संपादक जिम वॉरन यांनी वेगळी भूमिका मांडली. आज्ञावली इतकी स्वस्त असावी की तिची नक्कल करण्यापेक्षा ती विकत घेणे ग्राहकाला सोपे वाटावे, असा त्यांचा आशय होता. सीपी/एम या कसोटीला उतरत होती. हौशी नियतकालिकांत जाहिरात देऊन ती टपालाने सुमारे ७० डॉलरला विकली जाऊ लागली. या रकमेत ग्राहकाला चकती, माहितीपुस्तिका आणि वापराचा रीतसर हक्क मिळत असे.

संगणकनिर्मात्यांसाठी निराळी व्यवस्था होती. आल्टेअरसारखाच संगणक बनवणाऱ्या आयएमएसएआय कंपनीने १९७७ मध्ये २५,००० डॉलर एकरकमी देऊन सीपी/एमचा परवाना घेतला. या कामाच्या निमित्ताने किल्डॉल यांनी प्रणालीची रचना बदलली. प्रत्येक यंत्राची चकती, पडदा आणि कळफलक वेगळ्या प्रकारे जोडलेले असत. यंत्रागणिक बदलणारा हा सर्व भाग त्यांनी एका छोट्या विभागात काढून ठेवला आणि त्याला बायॉस असे नाव दिले. चकतीवरील फाइलींचा कारभार आणि वापरकर्त्याच्या आज्ञा समजून घेणारे भाग सर्व यंत्रांवर सारखेच राहिले. नव्या संगणकावर सीपी/एम आणण्यासाठी आता केवळ बायॉस नव्याने लिहिणे पुरेसे होते.

या रचनेचे आर्थिक परिणाम दूरगामी ठरले. एकदा लिहिलेली उपयोजने अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर चालू लागली आणि आज्ञावली-लेखकांना एकच मोठी बाजारपेठ मिळाली. वर्डस्टार हे लेखनासाठीचे आणि डीबेस टू हे माहितीसाठ्यासाठीचे उपयोजन याच पायावर लोकप्रिय झाले. १९८० मध्ये मायक्रोसॉफ्टने अ‍ॅपल टू या संगणकात बसवण्याचे सॉफ्टकार्ड विक्रीस आणले. त्यासोबत डिजिटल रिसर्चकडून परवाना घेतलेली सीपी/एम मिळत असे. एप्रिल १९८१ मध्ये आलेल्या ऑस्बोर्न वन या उचलून नेता येण्याजोग्या संगणकाच्या १,७९५ डॉलर किमतीतच सीपी/एम, वर्डस्टार आणि आकडेमोडीचे सुपरकॅल्क समाविष्ट होते. १९८१ च्या सुमारास सीपी/एम सुमारे ३,००० वेगवेगळ्या प्रकारच्या संगणकांवर चालत होती आणि डिजिटल रिसर्चचे वार्षिक उत्पन्न ५४ लाख डॉलरपर्यंत पोहोचले होते.

आयबीएमशी वाटाघाटी

१९८० मध्ये आयबीएमने वैयक्तिक संगणक बनवण्याचा गुप्त प्रकल्प हाती घेतला. वेळ कमी असल्याने संचालन प्रणाली बाहेरून घेण्याचे ठरले. आयबीएमचे प्रतिनिधी प्रथम मायक्रोसॉफ्टकडे गेले. सीपी/एमचे हक्क मायक्रोसॉफ्टकडे नसल्याने गेट्स यांनी त्यांना किल्डॉल यांच्याकडे पाठवले.

आयबीएमचे पथक पॅसिफिक ग्रोव्हला आले तेव्हा किल्डॉल स्वतःचे विमान घेऊन एका ग्राहकाकडे आज्ञावली पोहोचवण्यासाठी गेले होते. वाटाघाटी नेहमीप्रमाणे डोरोथी करणार होत्या. आयबीएमने चर्चेपूर्वी गोपनीयतेच्या करारावर सही मागितली. त्यातील अटी एकतर्फी वाटल्याने वकिलाच्या सल्ल्यानुसार डोरोथी यांनी सही करण्यास नकार दिला. किल्डॉल दुपारी परतल्यानंतर काय घडले याबद्दल संबंधितांच्या हकीकती परस्परांशी जुळत नाहीत. किल्डॉल यांच्या मते त्या दिवशी त्यांची आयबीएमच्या प्रतिनिधींशी भेट व चर्चा झाली. आयबीएमच्या बाजूने हे सर्वांनी मान्य केलेले नाही. मौजेखातर विमान उडवण्यासाठी गेल्यामुळे त्यांनी ही संधी घालवली, अशी आख्यायिका पुढे संगणक-उद्योगात पसरली. ते कामानिमित्त गेले होते, हे तिच्यात वगळले जाते.

कराराचे स्वरूप हाही अडचणीचा मुद्दा होता. डिजिटल रिसर्चचा व्यवसाय विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे स्वामित्वधन घेण्यावर उभा होता, तर आयबीएमला एकरकमी मोबदला देऊन मोकळे व्हायचे होते. करार झाला नाही आणि आयबीएम पुन्हा मायक्रोसॉफ्टकडे वळली. मायक्रोसॉफ्टने सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीतील टिम पॅटरसन यांनी लिहिलेली ८६-डॉस ही प्रणाली मिळवली, तीत सुधारणा केल्या आणि ती आयबीएमला पुरवली. आयबीएमने ती पीसी डॉस या नावाने आणली. अन्य उत्पादकांना हीच प्रणाली एमएस-डॉस म्हणून विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखला. याच हक्कावर मायक्रोसॉफ्टचा पुढील उत्कर्ष आधारलेला होता.

पीसी डॉस पाहिल्यावर ती सीपी/एमशी अतिशय मिळतीजुळती असल्याचे किल्डॉल यांच्या लक्षात आले. त्यांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. त्यावर आयबीएमने तडजोड सुचवली. आयबीएमच्या संगणकासाठी सीपी/एम-८६ ही प्रणालीही विक्रीस ठेवली जाईल आणि त्याबदल्यात डिजिटल रिसर्चने दावा करू नये, असे ठरले. ग्राहक आपल्या पसंतीने निवड करील आणि तीत सीपी/एमची सरशी होईल, अशी किल्डॉल यांची अपेक्षा होती.

आयबीएमचा वैयक्तिक संगणक १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. पीसी डॉसची किंमत ४० डॉलर ठेवण्यात आली. सीपी/एम-८६ काही महिन्यांनी, १९८२ मध्ये उपलब्ध झाली आणि तिची किंमत २४० डॉलर होती. दोन्ही प्रणाली सामान्य वापरकर्त्याला जवळपास सारख्याच वाटत असताना सहापट रक्कम मोजण्याचे कारण थोड्याच ग्राहकांना दिसले. आज्ञावली-लेखकही ग्राहकांच्या मागे पीसी डॉसकडे वळले. किमतीतील या तफावतीला किल्डॉल आयबीएमने केलेला विश्वासघात मानत. डिजिटल रिसर्चने पुढे सीपी/एम-८६ ची किंमत ६० डॉलरपर्यंत खाली आणली, परंतु तोपर्यंत बाजारपेठेचा कल निश्चित झाला होता.

नक्कल की सुसंगती?

८६-डॉस ही सीपी/एमची नक्कल होती का, हा प्रश्न अनेक वर्षे चर्चेत राहिला. सीपी/एमसाठीची उपयोजने नव्या प्रक्रियकावर सहज आणता यावीत म्हणून तिच्या प्रकाशित माहितीपुस्तिकेच्या आधारे आज्ञांचे स्वरूप सारखे ठेवले, मूळ संहिता मात्र वापरली नाही, अशी पॅटरसन यांची भूमिका होती. अमेरिकेत संगणकीय आज्ञावल्यांना स्वामित्वहक्काचे संरक्षण स्पष्टपणे देणारी कायद्यातील दुरुस्ती १९८० मध्येच झाली होती. एखाद्या प्रणालीचे बाह्य स्वरूप या संरक्षणात येते की नाही, हे तेव्हा अनिश्चित होते.

२००४ मध्ये हॅरल्ड इव्हान्स यांच्या एका पुस्तकात किल्डॉल यांची बाजू मांडण्यात आली. पॅटरसन यांनी त्यावर बदनामीचा दावा केला, तो न्यायालयाने २००७ मध्ये फेटाळला. २०१२ मध्ये बॉब झाइडमन या तज्ज्ञांनी दोन्ही प्रणालींच्या संहितांची तुलना केली. त्यांना संहिता उचलल्याचा पुरावा आढळला नाही.

डीआर-डॉस

डिजिटल रिसर्चने एकाच वेळी अनेक कामे करू शकणाऱ्या प्रणाली आणि जेम हा चित्रमय पृष्ठभाग विकसित केला. १९८५ मध्ये आलेल्या अटारी एसटी या संगणकात जेम वापरण्यात आला. अ‍ॅपलच्या आक्षेपामुळे आयबीएमसदृश संगणकांवरील त्याच्या आवृत्तीत मात्र बदल करावे लागले.

१९८८ मध्ये कंपनीने डीआर-डॉस ही एमएस-डॉसशी सुसंगत प्रणाली आणली. एकेकाळी सीपी/एमच्या धर्तीवर बनलेल्या प्रणालीची आता मूळ कंपनीलाच बरोबरी करावी लागत होती. १९९० मधील डीआर-डॉस ५.० मध्ये स्मृतीच्या व्यवस्थापनाच्या प्रगत सोयी होत्या आणि ती दुकानात स्वतंत्रपणे विकत मिळे. अनेक परीक्षणांत तिचे स्वागत झाले.

तरीही तिचा प्रसार मर्यादित राहिला. मायक्रोसॉफ्टचे अनेक संगणकनिर्मात्यांशी झालेले करार प्रक्रियकनिहाय होते. निर्माता जितके संगणक विकेल तितक्यांचे शुल्क मायक्रोसॉफ्टला मिळे, मग त्या संगणकात एमएस-डॉस असो वा नसो. अशा निर्मात्याने डीआर-डॉस बसवल्यास त्याला दोन प्रणालींचा खर्च सोसावा लागे. प्रतिस्पर्धी प्रणाली कितीही स्वस्त असली तरी ती अखेरीस महाग पडे. अमेरिकेच्या न्याय विभागाने या पद्धतीची चौकशी केली आणि १५ जुलै १९९४ रोजी मायक्रोसॉफ्टने असे करार बंद करण्याचे मान्य केले. किल्डॉल यांचे निधन त्याच्या चारच दिवस आधी झाले होते.

१९९१ मध्ये नॉव्हेल कंपनीने डिजिटल रिसर्च विकत घेतली. १९९६ मध्ये डीआर-डॉसचे हक्क कॅल्डेराकडे गेले. कॅल्डेराने मायक्रोसॉफ्टवर स्पर्धाविरोधी वर्तनाचा दावा दाखल केला. तो जानेवारी २००० मध्ये आपसांत मिटला. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी २८ कोटी डॉलर दिल्याचे नंतर उघड झाले.

इतर कार्य

किल्डॉल यांना संगणकाच्या नव्या उपयोगांमध्ये सतत रस होता. १९८४ मध्ये त्यांनी टॉम रोलँडर यांच्यासह स्थापन केलेल्या कंपनीने पुढील वर्षी ग्रोलिए विश्वकोशाची सीडी-रॉम आवृत्ती तयार केली. संगणकावर वाचता येणाऱ्या पहिल्या विश्वकोशांत तिची गणना होते. १९८३ ते १९९० या काळात त्यांनी स्ट्युअर्ट शेफे यांच्यासोबत कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या सार्वजनिक दूरचित्रवाणीवरील साप्ताहिक कार्यक्रमाचे सहनिवेदन केले. या कार्यक्रमात त्यांनी अनेकदा प्रतिस्पर्धी कंपन्यांची उत्पादनेही शांतपणे आणि निःपक्षपातीपणे समजावून दिली.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

१९८० च्या दशकात किल्डॉल आणि डोरोथी यांचा घटस्फोट झाला. पुढे किल्डॉल यांनी दुसरा विवाह केला. तोही टिकला नाही. डिजिटल रिसर्चच्या विक्रीनंतर ते टेक्सासमधील ऑस्टिन शहराजवळ राहावयास गेले. विमाने, मोटारी आणि नौका यांची त्यांची आवड अखेरपर्यंत कायम होती. पैशाची ददात त्यांना नव्हती, परंतु हुकलेल्या कराराची एकच कथा वारंवार विचारली जाणे त्यांना सलत असे. १९९२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाच्या २५ व्या वर्धापनदिनी मुख्य भाषणासाठी, त्या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी नसलेल्या बिल गेट्स यांना पाचारण करण्यात आले. या प्रसंगानंतर किल्डॉल यांनी आत्मवृत्त लिहावयास घेतले. ते त्यांच्या हयातीत प्रकाशित झाले नाही. त्याचा पहिला भाग २०१६ मध्ये वाचकांसाठी खुला करण्यात आला.

८ जुलै १९९४ रोजी मॉन्टेरे येथील एका उपाहारगृहात पडून त्यांच्या डोक्याला मार लागला. ही दुखापत नेमकी कशी झाली याचा उलगडा झाला नाही. तीन दिवसांनी, ११ जुलै रोजी वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सिअ‍ॅटल येथे त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

ड्राइव्हला अक्षराने संबोधणे, फाइलीच्या नावासाठी आठ आणि प्रकारासाठी तीन अक्षरे ठेवणे, हे सीपी/एममधील संकेत डॉसमध्ये आले. ड्राइव्हची अक्षरे विंडोजमध्ये आजही दिसतात. बायॉस हा शब्द वैयक्तिक संगणकांच्या परिभाषेत कायमचा रुजला. १९९५ मध्ये सॉफ्टवेअर पब्लिशर्स असोसिएशनने त्यांचा मरणोत्तर गौरव केला. एप्रिल २०१४ मध्ये डिजिटल रिसर्चच्या पॅसिफिक ग्रोव्हमधील जुन्या कार्यालयासमोर आयईईई या संस्थेने सीपी/एमच्या स्मरणार्थ फलक बसवला.

सीपी/एमचे हक्क कंपन्यांच्या विक्रीबरोबर हस्तांतरित होत गेले. बाजारातून नाहीशी झालेली ही प्रणाली हौशी अभ्यासकांना रीतसर मिळवणे त्यामुळे काही काळ अवघड झाले होते. २००१ मध्ये तत्कालीन हक्कधारक लिनिओ कंपनीने तिच्या वितरणास मर्यादित परवानगी दिली. २०१४ मध्ये, सीपी/एमच्या ४० व्या वर्षी, कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने तिच्या आरंभीच्या आवृत्त्यांची मूळ संहिता प्रसिद्ध केली. २०२२ मध्ये हक्कधारकांनी परवानगीची व्याप्ती स्पष्ट केली आणि सीपी/एमचा वापर, वितरण व तीत बदल करणे सर्वांसाठी खुले झाले. एकेकाळी टपालाने ७० डॉलरला मिळणारी ही प्रणाली आता कोणालाही विनामूल्य आणि कायदेशीररीत्या उतरवून घेता येते, तिची संहिता वाचता येते आणि जुन्या किंवा नव्याने जोडलेल्या संगणकावर चालवता येते.